मुलगी आयोवात आमदारकीला उभी राहायचं म्हणतेय. हे करिअर आहे का?

बजाजनगरकर

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, वीज मंडळातून निवृत्त. मुलगी आयोवा राज्यात सीडर रॅपिड्सच्या बाजूला राहते, फार्मासिस्ट आहे. नागरिकत्व केव्हाच घेतलंय. जावई इंजिनिअर, नात सहा वर्षांची.

परवा फोनवर म्हणाली, "बाबा, मी स्टेट हाऊसला उभी राहायचा विचार करतेय." मला वाटलं मस्करी करतेय. मग कळलं की पक्षाच्या दोन बैठकांनाही जाऊन आली. पगार किती म्हणून विचारलं, तर वर्षाला २५ हजार डॉलर! आत्ता ती त्याच्या पाचपट कमावते.

आमच्याकडे आमदार म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं ते सांगायला नको. पुढेमागे गाड्या, बदल्यांच्या चिठ्ठ्या, जन्मभराची पेन्शन. तिकडे नेमकं काय असतं? ही पूर्णवेळ नोकरी समजायची का? चार-सहा वर्षांनी हरली तर परत औषधांच्या काउंटरमागे उभं राहायचं? आणि मनातलं बोलतो, आपल्या नावाच्या, आपल्या रंगाच्या बाईला मक्याच्या शेतांमधले लोक मतं देतात का? हिची आई तर जेवेनाशी झालीय.

कोथरूड_ते_कॉनकॉर्ड

काका, २५ हजार म्हणजे चैन आहे हो. मी न्यू हॅम्पशायरला असतो. आमच्या हाऊसमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, ४०० सदस्य आहेत आणि प्रत्येकाला दोन वर्षांच्या मुदतीचे मिळून २०० डॉलर मिळतात. हा आकडा राज्यघटनेत १८८९ साली लिहिला गेला, तो आजही तसाच आहे. राज्याची सगळी लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास, म्हणजे साडेतीन हजार माणसांमागे एक आमदार. सोसायटीच्या चेअरमनला याहून जास्त डोकी सांभाळावी लागतात.

सांगायचं एवढंच की "अमेरिकेतला आमदार" असा एकच प्राणी नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्षाला १ लाख ४२ हजार मिळतात. टेक्सासात महिना ६०० डॉलर आणि भत्ता, आणि त्यांचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच भरतं, १४० दिवसांचं. त्यामुळे आयोवातल्याच कुणाला तरी विचारा.

लिन_काउंटीची_आजी

भाऊ, मी आयोवातलीच. तुमची लेक राहते तिथून फार लांब नसेन. मूळची अमरावतीची, त्यामुळे वहिनी का जेवेनात ते न सांगता समजलं. निवृत्त झाल्यावर डे मॉइनला विधिमंडळात एका हाऊस सदस्याची क्लार्क म्हणून एक अधिवेशन काढलंय. तो सदस्य कोण, कुठल्या पक्षाचा, ते इथे सांगत नाही. त्यानं काही बिघडतही नाही, कारण गंमत दोन्हीकडे सारखीच आहे.

आधी तुमच्या डोळ्यांसमोरचं चित्र पुसून टाका. आयोवातल्या साध्या आमदाराला बसायला खोलीसुद्धा नसते. सभापती, गटनेते वगैरे मोजकी मंडळी सोडली तर बाकीच्यांचं ऑफिस म्हणजे सभागृहातलं त्यांचं स्वतःचं बाक. बाहेरून सोन्याचा घुमट, आत संगमरवर, आणि त्या थाटामाटात आपला आमदार शाळकरी पोरासारखा एका डेस्कमागे. शेजारी खुर्ची टाकून क्लार्क, म्हणजे मी. आमच्या डेस्कच्या वरच्या खणात लोकांची पत्रं असायची, खालच्यात सफरचंदं, खोकल्याच्या गोळ्या आणि मोज्यांचा एक जास्तीचा जोड, कारण जानेवारीत पार्किंगपासून दारापर्यंत येईतो पाय ओले होतात. क्लार्क म्हणून कित्येकांची बायको किंवा नवराच काम करतो. तेवढाच घरात आणखी एक पगार, आणि माणूस चार महिने डोळ्यांसमोरही राहतो.

कामकाज सुरू असताना लॉबिस्टला, म्हणजे कंपन्या-संघटनांची बाजू मांडायला येणाऱ्या माणसाला, आत येता येत नाही. तो दाराशी उभा राहतो, चिठ्ठीवर आमदाराचं नाव लिहितो, द्वारपाल ती आत डेस्कवर आणून ठेवतो. आमदाराला वाटलं तर तो उठून बाहेर घुमटाखाली जाऊन बोलतो, नाही वाटलं तर चिठ्ठी पडून राहते. आपल्याकडे चिठ्ठी आमदार देतो, इथे आमदाराला येते. पहिल्या आठवड्यात मला याचंच हसू यायचं.

आता दिवस. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं. एका वर्षी ११० दिवस, दुसऱ्या वर्षी १००. कामकाज त्यानंतरही लांबू शकतं, पण रोजचा भत्ता तेवढ्या दिवसांचाच, त्यामुळे एप्रिल उजाडला की सगळ्यांना घरची आठवण यायला लागते. आठवड्यात साधारण सोमवार ते गुरुवार काम. तुमच्या लेकीच्या गावाहून डे मॉइन म्हणजे गाडीनं दोन तास, बर्फ नसला तर. रोज ये-जा होत नाही. लोक खोली भाड्यानं घेतात, दोघंतिघं मिळून राहतात. शुक्रवारी घरी यायचं आणि शनिवारी सकाळी लायब्ररीत लोकांसमोर बसायचं. तिथे एक आजोबा दरवेळी मालमत्ता कराच्या पावत्यांची फाइलच घेऊन येतात. हे आजोबा प्रत्येक गावात असतात.

विधेयकाचं म्हणाल तर खरी लढाई सभागृहात होतच नाही. विधेयक आधी तीन सदस्यांच्या उपसमितीकडे जातं. लहानशी खोली, मधे टेबल, भिंतीला लागून लॉबिस्ट, आणि ज्याला बोलायचंय असा कुणीही नागरिक. तिघांपैकी दोघांनी सही केली तर ते पुढे समितीत जातं. समितीतून ठरलेल्या तारखेच्या आत बाहेर पडलं नाही की मेलं. या तारखांना इथे फनेल म्हणतात, एक साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सांध्यावर, दुसरी महिनाभरानं. पैशांची आणि करांची विधेयकं यातून सुटतात, बाकी बहुतेक सगळी त्या नळीतून जावी लागतात. फनेलच्या आठवड्यात माणसं कशी पळतात ते बघण्यासारखं असतं. अल्पमतातल्या पक्षाच्या सदस्याच्या विधेयकाला तर पुष्कळदा उपसमितीची वेळही मिळत नाही. २०२४ च्या निवडणुकीनंतर हाऊसमध्ये ६७ रिपब्लिकन आणि ३३ डेमोक्रॅट होते. लेक कुठल्या बाजूची ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण तिचे दिवस कसे जातील ते यावरच ठरेल. ३३ च्या बाजूला बसायचं तर आपल्या नावाचा कायदा वगैरे विसरायचं. दुरुस्त्या मांडायच्या, रात्री अकराला भाषण करायचं, फळ्यावर लाल दिवे बघायचे आणि झोपायला जायचं. तेही काम आहेच, कुणीतरी नोंद ठेवावी लागते. पण हे माहीत असून जावं.

पगार तुम्ही सांगितलात तेवढाच, वर भत्ता. म्हणून मग तिथे कोण दिसतं? शेतकरी, कारण हिवाळ्यात शेतात काम नसतं. निवृत्त माणसं. वकील, विमा एजंट, स्वतःचा धंदा असलेले. आणि ज्यांचा जोडीदार घर चालवतो ते. चक ग्रासली आज वॉशिंग्टनमधले सगळ्यात जुने सिनेटर आहेत. ते १९५९ साली याच आयोवा हाऊसमध्ये आले आणि सोळा वर्षं इथेच होते. त्या काळात शेती सांभाळून कारखान्यात असेंब्ली लाइनवरही काम करायचे. आमदारकीवर घर त्यांचंही चालत नव्हतं. तेव्हा हे करिअर आहे का, याआधी हे विचारा की हिचे चार महिने कोण उचलणार. जावई तयार आहे का? नातीला शाळेतून कोण आणणार? तिचा मालक दर जानेवारीला रजा देणार का? औषधांच्या साखळी दुकानात शिफ्ट असते, रजा देणं-न देणं त्यांच्या मर्जीवर. स्वतःचं दुकान असेल तर गोष्ट निराळी.

आता मक्याच्या शेतांमधल्या लोकांबद्दल. भाऊ, तुम्ही नागपूरचे आणि तुम्हाला स्वाती दांडेकर माहीत नाहीत? त्या तुमच्याच गावच्या, नागपूर विद्यापीठात शिकलेल्या. १९७३ मध्ये अमेरिकेत आल्या आणि आमच्या इथल्या मॅरियनमध्ये स्थिरावल्या. १९९६ मध्ये लिन-मार शाळा मंडळावर निवडून गेल्या. तिथे सहा वर्षं काढून २००२ मध्ये आयोवा हाऊसला उभ्या राहिल्या, डेमोक्रॅट म्हणून. प्रचारात विरोधी उमेदवार बाईंचा एक ईमेल बाहेर आला. मी इथे झेंड्याची प्रतिज्ञा म्हणत वाढले, ही भारतात जातिव्यवस्थेत वाढली, ही आयोवाचे कायदे कशी करणार, असा त्याचा सूर. निकाल लागला तर दांडेकरांना सुमारे ५७ टक्के मतं. भारतात जन्मलेल्या आणि अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेलेल्या सुरुवातीच्या मोजक्या लोकांपैकी त्या एक. मेरीलँडचे कुमार बर्वे त्यांच्या आधी १९९० मध्येच निवडून आले होते आणि पुढे तीस वर्षांहून जास्त टिकले, पण ते जन्मानं अमेरिकन.

त्या ईमेलनं काम केलं नाही यात मला नवल वाटत नाही. शाळा मंडळावर सहा वर्षं बसलेल्या बाईला लोक नावानं नाही, कामानं ओळखतात. बसचा मार्ग बदलला तेव्हा फोन कुणी उचलला, ते आयांच्या लक्षात असतं. हाऊसचा मतदारसंघ म्हणजे ३२ हजार माणसं. आपल्याकडे विधानसभेच्या एका जागेमागे चार लाखांवर येतात. ३२ हजारांत निम्म्या दारांवर स्वतः थाप मारता येते, आणि मारावीच लागते. उन्हाळ्यात गावोगावच्या मिरवणुकांत चालत मुलांना गोळ्या-चॉकलेटं उधळायची, ऑगस्टमध्ये स्टेट फेअरला हजेरी लावायची, ऑक्टोबरात दारोदार. कुत्री भुंकतात, कुणी दार लावून घेतं, कुणी पाय बघून "बाई, चहा घेणार का" विचारतं. आडनावाचा उच्चार चुकतात, आणि मत देतात.

पुढचं ऐका, कारण तुमचा तिसरा प्रश्न इथे येतो. दांडेकर २००८ मध्ये राज्याच्या सिनेटवर, म्हणजे वरच्या सभागृहावर, गेल्या. २०११ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी त्यांना राज्याच्या युटिलिटी बोर्डावर नेमलं. वीज, गॅस यांचे दर बघणारं बोर्ड, तुमच्याच खात्यातलं प्रकरण, आणि पूर्णवेळ पगाराची जागा. त्यासाठी सिनेटची जागा सोडावी लागली. त्या वेळी सिनेटमध्ये डेमोक्रॅट २६ आणि रिपब्लिकन २४. ही एक जागा गेली असती तर २५-२५. पोटनिवडणूक नोव्हेंबरात लागली आणि दोन महिने आमच्या काउंटीत टीव्ही लावायची सोय राहिली नव्हती, जाहिरातीच जाहिराती. शेवटी लिझ मॅथिस, ज्या आधी टीव्हीवर बातम्या द्यायच्या, त्यांनी जागा राखली. दांडेकर पुढे २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, जागेसाठी उभ्या राहिल्या, पण पक्षांतर्गत फेरीतच हरल्या. मग ओबामांनी त्यांना मनिलाच्या आशियाई विकास बँकेवर अमेरिकेच्या संचालक म्हणून पाठवलं, राजदूताच्या दर्जानं.

त्यांनी पक्षाला अडचणीत टाकलं असं म्हणणारे अजून भेटतात. मला तसं वाटत नाही. एवढ्याशा पगारावर जवळपास नऊ वर्षं काढल्यावर माणसानं पगाराचं, आवडीचं काम घेतलं तर त्यात काय चुकलं? पण बघा, आमदारकीतून बढती अशी मिळत नाही. दारं उघडतात ती आजूबाजूची. कुणी बोर्डावर जातं, कुणी विद्यापीठात, कुणी लॉबिस्ट होऊन त्याच घुमटाखाली चिठ्ठी घेऊन उभं राहतं.

मिशिगनचा_बेळगावकर

आजी, फर्मास लिहिलंत. आमच्याकडचा उलटा नमुना सांगतो. श्री ठाणेदार, आमच्या बेळगावचे. रसायनशास्त्रात पीएचडी, आधी धंद्यात पैसा केला, मग राजकारणात आले. २०१८ मध्ये थेट गव्हर्नरपदासाठी उभे राहिले, स्वतःचे लाखो डॉलर ओतले, पक्षांतर्गत फेरीत तिसरे आले. मग २०२० मध्ये डेट्रॉइटमधून मिशिगन हाऊसवर निवडून गेले आणि एकच मुदत काढून २०२२ मध्ये वॉशिंग्टनला. त्यांच्यासाठी आमदारकी म्हणजे मधलं स्टेशन होतं.

मिशिगनचं विधिमंडळ पूर्णवेळ आहे, पगार वर्षाला ७१,६८५ डॉलर. वाढ कित्येक वर्षांत नाही. शिवाय मुदतीची मर्यादा. १९९२ च्या दुरुस्तीनं हाऊसमध्ये फक्त सहा वर्षं मिळायची. त्यामुळे काम शिकून होईपर्यंत माणूस बाहेर, आणि जुने खोड म्हणून लॉबिस्टच उरायचे. २०२२ मध्ये मतदारांनी ते बदललं, आता दोन्ही सभागृहं मिळून बारा वर्षं. आयोवात अशी मर्यादा नाही बहुतेक?

लिन_काउंटीची_आजी

नाही. लोक निवडून देतील तोवर बसा.

बजाजनगरकर

ताई, तुमचं लिहिलेलं हिला वाचून दाखवलं. दांडेकरांचं नाव ऐकून जरा सैल झाली, म्हणाली मग आधी का नाही सांगितलं पोरीनं. रात्री दोन पोळ्या खाल्ल्या.

मुलीशी पुन्हा बोललो. डोक्यात हे का आलं विचारलं तर म्हणाली, तिच्या भागातली लहान गावांतली औषधांची दुकानं एकामागून एक बंद पडताहेत. विमा कंपन्या आणि दुकानांच्या मधे जे दलाल बसलेत ते औषधाच्या किमतीपेक्षाही कमी पैसे देतात म्हणे. मी म्हटलं, बाई, एवढ्यासाठी आमदार? तर म्हणाली, "बाबा, तिथे बसलेल्यांपैकी काउंटरमागे किती जण उभे राहिलेत?" यावर मला काही बोलता आलं नाही. तुम्हाला काय वाटतं, या एका विषयावर निवडणूक लढवता येते का?

लिन_काउंटीची_आजी

हे आधी लिहायचं ना, भाऊ! हा पोकळ विषय नाही. या दलालांना लगाम घालणारा कायदा आयोवात २०२५ मध्ये झाला. गव्हर्नर रेनॉल्ड्स यांनी जूनमध्ये सही केली. लहान दुकानांना प्रत्येक प्रिस्क्रिप्शनमागे १० डॉलर ६८ सेंट द्यावेत, असंही त्यात आहे. लगेच उद्योगांच्या संघटनेनं तो कोर्टात नेला आणि कोर्टानं काही भागाला स्थगिती दिली. महत्त्वाचं हे की तो कायदा एका पक्षाचा नव्हता. लहान गावातलं दुकान बंद झालं की रिपब्लिकन आजीलाही तीस मैल गाडी हाकावी लागते. त्यामुळे तुमची लेक ३३ च्या बाजूला बसली तरी या विषयावर तिचं ऐकतील.

पण एका विषयावर निवडून येता येत नाही, आणि आलं तरी तिथे शाळांचा पैसा, पाण्यातलं नायट्रेट, मालमत्ता कर, सगळ्यावर बटण दाबावं लागतं. हिरवं की लाल, मधलं काही नाही. पहिल्या महिन्यात दिवसाला शंभर ईमेल येतील आणि त्यातले निम्मे अशा विषयावर असतील ज्याचं नावही तिनं ऐकलेलं नसेल.

कागदोपत्री अडचण काही नाही. हाऊससाठी वय २१, अमेरिकेचं नागरिकत्व, राज्यात एक वर्ष आणि मतदारसंघात ६० दिवस राहणं, बस. पक्षांतर्गत निवडणूक जूनमध्ये असते. तोवर एक करायला सांगा. फेब्रुवारीत फनेलच्या आधीच्या आठवड्यात एक दिवस सुट्टी काढून डे मॉइनला जा म्हणावं. औषधांवरच्या कुठल्याही विधेयकाची उपसमिती बघायची, खोलीचा नंबर संकेतस्थळावर असतो. तिथे हात वर करून दोन मिनिटं बोलायचं, फार्मासिस्ट म्हणून. कुणाच्या ओळखीची गरज नाही.

आणि मला विचाराल तर, आधी शाळा मंडळ. निवडणूक विषम वर्षी नोव्हेंबरात होते, पगार शून्य, बैठका संध्याकाळी, नोकरी सोडावी लागत नाही. नात शाळेत आहेच. मी सांगितलं असं सांगू नका, पोरी आजीबाईंचं ऐकत नाहीत. तिला मला इथे निरोप करायला सांगा. आमच्या लायब्ररीतल्या शनिवारच्या सभेला मी नेईन, आणि जाता जाता त्या पावत्यावाल्या आजोबांशी गाठ घालून देईन. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देता आलं तर मग बघू पुढचं.

बजाजनगरकर

निरोप केलाय तिला. ताई, एक राहिलंच, आमदार असताना आरोग्य विमा मिळतो का? हिचा प्रश्न आहे, माझा नाही.

लिन_काउंटीची_आजी

मिळतो, राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांचा असतो तोच घेता येतो. वहिनींना सांगा, निदान तेवढी काळजी मिटली.